माळ्यावरची तबकडी

दरवर्षी दिवाळीपूर्वी माळा झाडून काढावयाचा, हा आमच्या फर्दापूरच्या घरातील जुना परिपाठ आहे. गेल्या वर्षी सूनबाईंनी हे काम अंगावर घेतले आणि मोडका पाळणा, पितळी समया, पोथ्यांची दोन दप्तरे व आमच्या वडिलांची छत्री ह्यांच्या मागून एक काळी पेटी खाली उतरविली. पेटी म्हणजे चावीचा फोनो. कर्णा नसलेला, झाकण मिटले की हातात धरून नेण्याजोगा. तिच्या शेजारी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या अकरा तबकड्या होत्या. बहुतेक नाटकांतील पदांच्या, दोन सनईच्या. एक मात्र निराळी होती. तिच्या मधल्या गोल कागदावर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा होता, आणि त्याच्या खाली पुसट अक्षरांत 'शीळ' हा शब्द व 'जी. एन. जोशी' हे नाव होते.

"आजोबा, हे कोण?" आमच्या नातीने विचारले. ती कॉलेजात शिकते, गाण्याची तिला चांगली गोडी आहे, आणि तरीही हे नाव तिने कधी ऐकलेले नव्हते. संध्याकाळी फराळास बसलेल्या मंडळींस आम्ही तोच प्रश्न घातला. सुधीर फडके सर्वांच्या ओळखीचे निघाले, गजाननराव वाटवे दोघांतिघांच्या. जोशी मात्र एकाच्याही नव्हेत. चौदा माणसांच्या घरात, ज्या घरी त्यांची तबकडी पाऊणशे वर्षे सांभाळली गेली त्या घरात, त्यांचे नाव सांगणारे आमच्याखेरीज कोणी उरले नव्हते. आणि आम्हांस तरी ते कितीसे ठाऊक होते? त्या तबकडीशी आमचा जो संबंध आला तो फारसा भूषणावह नाही. तो पुढे सांगूच. आधी त्या गृहस्थांची ओळख करून देतो.

आमचे गाव अजिंठ्याच्या घाटाखाली, खानदेशाच्या शिवेला लागून आहे. हाच डोंगर पूर्वेकडे जात जात बुलढाणा जिल्ह्यात शिरतो. त्या काळी आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि तो मुलूख वऱ्हाडात. पण बोली, सोयरिकी आणि बाजार ह्यांनी त्या सीमेस कधी फारसे जुमानले नाही. त्या जिल्ह्यातील खामगावी १९०९ साली गोविंद नारायण जोशी ह्यांचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच साली आणि त्याच जिल्ह्यात नागोराव घनश्याम देशपांडे हेही जन्मास आले. पहिले पुढे गवई झाले, दुसरे कवी. पहिल्याने दुसऱ्याची 'शीळ' ही कविता स्वतः चाल लावून गायिली, १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली, आणि मराठीत ज्याला आपण भावगीत म्हणतो त्याचा तेथून खरा प्रवास सुरू झाला. जोशींपूर्वी कोणी कविता गायिली नव्हती असे आमचे म्हणणे नाही. पुण्यास १९२३ साली रविकिरण मंडळ निघाले, आणि त्यातील कवी आपल्या कविता सभांतून गाऊन म्हणत, लोकही त्या ऐकण्यास दाटी करीत. परंतु सभेत ऐकलेली कविता सभेबरोबर संपते. तबकडीवरची कविता घरात येते, माजघरात बसते आणि पुन्हा पुन्हा म्हणून दाखविते.

ह्या गोष्टीचे महत्त्व ध्यानी येण्यास थोडे मागे जावे लागेल, आणि मास्तराच्या सवयीप्रमाणे आम्ही थोडे शास्त्रातही शिरणार आहो. वाचकांनी कंटाळू नये.

आमच्याच जिल्ह्यातील देवगिरीवर तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव म्हणून एक पंडित होते. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. 'संगीतरत्नाकर' हा त्यांचा ग्रंथ संगीताच्या अभ्यासकांस आजही प्रमाण आहे. त्यातील प्रकीर्णक अध्यायात त्यांनी गाणे रचणाऱ्यांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. गाण्यातील शब्दांस ते 'मातु' म्हणतात आणि स्वररचनेस 'धातु'. हे दोन्ही जो स्वतः निर्माण करितो तो 'वाग्गेयकार'. हल्ली जपानात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही आपणच गीत लिहून, आपणच चाल लावून गाणारी तरुण मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांस लावावयास इतके नेमके नाव दुसऱ्या भाषेत असेल असे आम्हांस वाटत नाही. ह्या वाग्गेयकारांतही प्रती आहेत. चाल उत्तम पण शब्द सामान्य, तो मध्यम. शब्द रमणीय पण चाल निःसत्त्व, तो अधम. आम्ही शब्दांवर पोट भरणारे, म्हणून हा निवाडा वाचताना प्रथम आम्हांस थोडा रागच आला होता. आणि दुसऱ्याच्या तयार चालीत जो आपले शब्द बसवून देतो त्याला शार्ङ्गदेवांनी 'कुट्टिकार' असे म्हटले आहे. ह्या शब्दाचा कानांवर होणारा आघातच पुरेसा बोलका आहे.

आता आपले नाट्यसंगीत पाहा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हापासून पुढे अर्धशतक महाराष्ट्राचे गाणे म्हणजे नाटकातील पद. त्याचे वैभव आम्हांस मान्य आहे. आमच्या पेटीतील तबकड्याच त्याची साक्ष देतील. परंतु ह्या पदांची घडण पुष्कळदा उलट्या बाजूने होत असे. आधी एखादी हिंदुस्थानी चीज, ठुमरी किंवा कर्नाटकी चाल निवडावयाची आणि मग तिच्या मापाने नाटककाराने अक्षरे बेतावयाची. १९११ साली 'मानापमान' आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी आणिलेल्या चालींवर खाडिलकरांनी पदे लिहिली. ती पदे अजून ताजी आहेत, पण त्यांतील शब्द पुष्कळ ठिकाणी सुरांच्या ओझ्याखाली दबलेले हमालच आहेत. गवई तानेवर तान घेत असता मूळ वाक्याचे क्रियापद कोठे गेले हे विचारण्याचे धाडस श्रोत्यास होत नसे.

शाळेतील कवितेचीही कथा फार निराळी नव्हती. आम्ही चाळीस वर्षांच्या आसपास मुलांस कविता शिकविल्या. आर्या आली की आर्येची चाल, दिंडी आली की दिंडीची, शार्दूलविक्रीडित आले की त्याची. कवितेत सीताहरण असो की पावसाळ्याचे वर्णन असो, चाल तीच. कारण चाल वृत्ताची होती, त्या कवितेची नव्हती. मुले डोलत डोलत म्हणत आणि अर्थ बाजूस पडे.

जोशींनी केले ते इतकेच की, एका विशिष्ट कवितेस तिची स्वतःची चाल दिली. कवितेत जो भाव आहे तो पुरा होईल इतकेच स्वर, आणि जेथे शब्द थांबतो तेथे गळाही थांबतो. लहानशी मुरकी, हळूच घेतलेली एखादी हरकत, पण तानेचा पसारा नाही. शार्ङ्गदेवांच्या काट्याने मोजले तर जोशी पुरे वाग्गेयकार ठरत नाहीत, कारण शब्द दुसऱ्याचे. परंतु ते कुट्टिकाराच्या नेमके विरुद्ध टोकास उभे आहेत. शब्द दुसऱ्याचे असूनही त्यांनी ते कापले नाहीत, ताणले नाहीत. आपली चाल त्यांच्या मापाने शिवली. कवी आणि गवई ही दोन माणसे मिळून जणू एक वाग्गेयकार झाला.

हे १९३२ च्या सुमारासच का व्हावे? ह्याचे एक कारण रसिकतेत आहे आणि दुसरे चक्क यंत्रात आहे. दुसरे आम्हांस अधिक मनोरंजक वाटते.

आपल्या देशात गाण्याचे ध्वनिमुद्रण प्रथम १९०२ साली कलकत्त्यास झाले. गौहरजान गायिली आणि शेवटी आपले नाव उच्चारून मोकळी झाली. कारण तबकडी कोणाची हे परदेशातील कारखान्यात कळावे कसे? पुढे १९०८ साली कलकत्त्यासच तबकड्या दाबण्याचा कारखाना निघाला. पण त्या काळचे मुद्रण विजेवाचून होत असे. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गावयाचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने दुसऱ्या टोकाची सुई मेणावर रेघ ओढावयाची. नाटकगृहात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा खणखणीत गळाच तेथे टिके. हळू आवाजात मनातले बोलणाऱ्याची त्या कर्ण्यापुढे डाळ शिजत नसे. १९२५ पासून विजेचे मुद्रण आले, कर्णा गेला आणि त्या जागी मायक्रोफोन आला. आता कुजबूजही मेणावर उमटू लागली. गळा नाजूक असला तरी चालेल, श्वाससुद्धा ऐकू येईल, अशी सोय झाली आणि गाणे सभागृहातून उठून कानापाशी आले. भावगीत हे ह्या मायक्रोफोनचे अपत्य आहे असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही.

तबकडीची दुसरी अट वेळेची. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. लाखेच्या राळेत खडकाची पूड व काजळी मिसळून केलेली ती काळी थाळी मिनिटास अठ्ठ्याहत्तर वेळा फिरते, आणि प्रत्येक वेळी ती पोलादी सुईचा थोडा थोडा अंश खात असते. म्हणून दर गाण्यास सुई बदलावी लागे. ख्याल गाणाऱ्यास सव्वातीन मिनिटे म्हणजे आसन मांडण्यासही अपुरी. पण तीन-चार कडव्यांच्या कवितेस ती बरोबर पुरतात. जुन्या गवयांस जी बेडी वाटली ती नव्या गाण्यास चौकट झाली.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असे नव्हे. अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे जपानी यात्रेकरू आमच्या गावावरून जातात, त्यांच्या देशातही नेमके त्याच वेळी हेच चालले होते. तेथील व्हिक्टर कंपनी १९२७ साली निघाली, आणि तिच्या तबकड्यांवरही कान टवकारून बसलेला तोच कुत्रा होता! मासाओ कोगा नावाचा एक तरुण रचनाकार तेथे उदयास आला. त्याने एका विख्यात गीताचे शब्दही स्वतः लिहिले आणि चालही स्वतःच बांधली. त्याची गीते इचिरो फुजियामा ह्या गायकाने १९३१-३२ साली तबकड्यांवर गायिली, तीही आवाज मोठा न करिता, मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, जणू बोलल्यासारखी. हा फुजियामा तेव्हा तोक्योच्या संगीतशाळेचा विद्यार्थी होता. अशी बाजारी गाणी गाणे शाळेस मान्य नव्हते, म्हणून त्याने टोपणनाव घेतले होते. तरी ते उघडकीस आलेच आणि शाळेने काही काळ त्याचे वर्ग बंद केले. खामगाव आणि तोक्यो ह्यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसता, दोन्हीकडे हळू आवाजात गाणारा माणूस एकाच वेळी प्रकट व्हावा आणि दोन्हीकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडाव्यात, ह्याची आम्हांस मोठी मौज वाटते.

आठ्या आपल्याकडेही पडल्याच. 'शीळ'चा विषय काय? रानावनातून ऐकू येणारी एका गड्याची शीळ, आणि ती कानी पडून कामात लक्ष न लागणारी एक खेड्यातील मुलगी. देव नाही, पुराण नाही, राजा-राणी नाही. रंगभूमीवर शकुंतलेने दुष्यंतासाठी झुरावे ह्यास कोणाची हरकत नव्हती, कारण ती पुराणातली. पण आपल्याच शिवारातल्या एका मुलीचे मन, तेही तिच्याच तोंडच्या साध्या बोलीत, माजघरात ऐकू यावे हे नवीन होते.

आता आमच्या घराची हकीकत. १९४८ साली निजामी संपली आणि पुढच्याच वर्षी आमच्या वडिलांनी जळगावाहून हा फोनो जुना विकत आणिला. त्याबरोबर ज्या तबकड्या आल्या त्यांत ही होती. आमची आत्या त्या वेळी पंधरा वर्षांची होती. तिचा गळा फार गोड होता असे आम्ही आईच्या तोंडून ऐकत आलो. आजोबा दुपारी निजले की ती परसदाराच्या खोलीत फोनोच्या पेटीवर गोधडी घालून ही तबकडी लावी. एक दिवस आजोबांची झोप मोडली. ते रागीट नव्हते, त्यांनी आवाजही चढविला नाही. "हे आपल्या घरातले नव्हे," एवढेच म्हणून तबकडी आपल्या हाताने फडक्यात बांधली. फोनो वाजत राहिला, नाटकाची पदे होत राहिली. ती एक तबकडी मात्र पुन्हा लागली नाही. दोन वर्षांनी आत्याचे लग्न होऊन ती मलकापुरास गेली. ती माहेरी आली म्हणजे आम्ही मुले तिला गाणे म्हणावयाचा हट्ट करीत असू. ती अभंग म्हणे, भूपाळी म्हणे. आणि स्वयंपाकघरात एकटी असली म्हणजे ओठ मिटून एक चाल गुणगुणे, ती कशाची हे आम्हांस कळत नसे.

आजोबांस नावे ठेवणे सोपे आहे. परंतु सुमारे पस्तीस वर्षांमागे आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील संमेलनात सातवीतील एका मुलीने म्हणावयास हेच गाणे निवडले. तिच्या आजीने ते तिला शिकविले होते. तालमीच्या वेळी दोन ओळी ऐकून आम्ही तिला थांबविले. शाळेत हे शोभत नाही, एखादे देशभक्तीचे गीत बसव, असे सांगितले. ती काही बोलली नाही. संमेलनात ती उभी राहिली ती समूहगीताच्या शेवटच्या रांगेत. ज्या कवीच्या ओळी आम्ही असभ्य ठरविल्या त्यांच्या 'खूणगाठी' ह्या संग्रहास १९८६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले होते, हे आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते तर आम्ही तिला गाऊ दिले असते काय? पारितोषिकाच्या भीतीने दिले असते, हीही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे गेली असेल.

असो. जोशींकडे वळू.

ते कायद्याचे पदवीधर होते, पण वकिलीपेक्षा तबकडीने त्यांस अधिक ओढले. 'शीळ'च्या मागोमाग त्यांनी ना. घ. देशपांड्यांचीच 'नदीकिनारी' गायिली, भा. रा. तांबे आणि माधव जूलियन ह्यांच्या कविता गायिल्या. मराठी कवितेचे पुस्तक ज्या घरी कधी शिरले नसते त्या घरी कवी आवाजाच्या रूपाने शिरला. देशपांड्यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. मेहकरात राहणारा हा कवी, त्याचा पहिला संग्रह 'शीळ' ह्याच नावाने निघाला, पण केव्हा? १९५४ साली. म्हणजे कविता लोकांच्या ओठी पडून वीस वर्षे उलटल्यावर ती पुस्तकात छापली गेली. छापखान्याच्या आधी कान, हा क्रम आपल्या परंपरेस नवा नाही. ओवी-अभंग तसेच आले. पण विसाव्या शतकात, ग्रामोफोन कंपनीच्या मध्यस्थीने तसे घडावे हे नवल खरे.

ह्याच काळात जोशींबरोबर एका बाईचा आवाज तबकड्यांवर ऐकू येतो. कागदावर नाव आहे 'गांधारी'. त्या गांधारी म्हणजे पुढे किराणा घराण्याची कीर्ती सर्वदूर नेणाऱ्या गंगूबाई हनगल. कंपनीने त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांस हे नाव दिले होते. ज्यांनी गंगूबाईंचा उत्तरवयातील तो जवारीदार, पुरुषी वाटावा असा भरदार स्वर ऐकला आहे, त्यांनी ही द्वंद्वगीते अवश्य ऐकावीत. तो कोवळा, बारीक आवाज त्यांचाच, ह्यावर प्रथम विश्वास बसत नाही. आमच्या नातीचा बसला नाही.

१९३८ साली जोशींच्या आयुष्यास वळण लागले. ज्या हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी ते गात होते तिनेच त्यांस मुंबईस ध्वनिमुद्रणाच्या कामावर नोकरी दिली. तोवर ते मायक्रोफोनच्या ह्या बाजूस उभे राहून गात. आता काचेच्या पलीकडे बसून दुसऱ्यांचे गाणे टिपू लागले. पुढील तीन दशके त्यांची ह्या कामात गेली. गवयास तबकडीसाठी राजी करणे, त्याचा स्वभाव सांभाळणे, त्याच्या तासाभराच्या गाण्यातील सव्वातीन मिनिटे कोणती हे त्याला न दुखविता ठरविणे, साजिंद्यांस मायक्रोफोनपासून कोठे बसवावे हे पाहणे. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर, हिराबाई बडोदेकर अशा एकाहून एक थोर कलावंतांशी त्यांचा ह्या निमित्ताने घरोबा झाला. त्या सहवासाच्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' ह्या पुस्तकात लिहिल्या. पुढे १९८४ साली 'डाऊन मेलडी लेन' ह्या नावाने त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले.

त्यांचे स्वतःचे गाणे मात्र मागे पडत गेले. पंचविशीच्या आत ज्याने सबंध महाराष्ट्राला गुणगुणावयास लाविले, त्याने तिशीच्या आत दुसऱ्यांचे आवाज सांभाळण्याचे काम पत्करावे, ह्यास काय म्हणावे? आमच्या घरातील तरुण मंडळींचे मत पडले की, नोकरीपायी एक गायक वाया गेला. आम्हांस तसे वाटत नाही. मास्तराने वर्गात स्वतःच कविता म्हणत राहावे की मुलांकडून म्हणवून घ्यावी, हा प्रश्न आम्हांसही पडत असे. आणि आम्ही बहुधा स्वतःच म्हणत राहिलो. जोशींनी दुसरा मार्ग धरिला. गाणाऱ्याची धाकधूक ज्याने स्वतः अनुभविली आहे अशा माणसाच्या हाती ते यंत्र गेले, म्हणून पुष्कळ मोठे गवई त्या निर्जीव खोलीत मोकळेपणाने गाऊ शकले असतील. तरीपण जे गाणे त्यांनी गायिलेच नाही त्याचा हिशेब कोठेच लागत नाही, हेही खरे. वाटव्यांनी, फडक्यांनी भावगीत गावोगावच्या गणेशोत्सवांत नेले आणि लोकांनी त्यांस डोक्यावर घेतले. काचेमागे बसलेल्या माणसाचे तोंड लोकांस दिसत नसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पाश्चात्य देशांत १९४८ साली दीर्घ तबकडी निघाली, आणि काही वर्षांनी ती आपल्याकडे आली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि ख्यालास प्रथमच पाय पसरावयास जागा झाली. ह्या नव्या लांबीचा उपयोग करून १९६७ साली जोशींनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी सिद्ध केली. तीत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांचे गिटार. तबल्यास माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार ह्यांस रागदारीत तेव्हा कितीसा मान होता? वादकही तिशीच्या आसपासचे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका धनगराचा एक दिवस, पहाटेच्या अहीरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, केवळ स्वरांनी सांगावयाचा अशी ही कल्पना. ती तबकडी युरोप-अमेरिकेत गेली आणि ज्यांस आपल्या रागाचे नावही ठाऊक नव्हते त्यांनी ती आपलीशी केली. पंचवीस वर्षांच्या आतील जोशी रानातील शीळ गात होते. साठीस टेकलेले जोशी दुसऱ्याच्या बासरीतून डोंगरातील धनगर बोलवीत होते. १९९४ साली ते निवर्तले.

आता त्या तबकडीचे काय झाले ते सांगून संपवितो. फोनोची कमान तुटलेली आहे. जळगावास एका घड्याळजीस दाखविली. त्याने ती हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिली आणि परत दिली. पोलादी सुया मिळत नाहीत. तबकडीस कडेपासून एक बारीक चीर गेली आहे, तेव्हा सुई मिळाली तरी दर फेऱ्यास टिचकी ऐकावी लागेल. हे सर्व आम्ही नातीस खेदाने सांगत होतो, तोच तिने आपल्या मोबाइलवर ते गाणे शोधून लाविले. नव्वद वर्षांपूर्वीचा तो आवाज, त्यातील खरखरीसकट, आमच्या ओसरीवर ऐकू येऊ लागला. आम्ही तो पुरता असा प्रथमच ऐकला, आणि दुसऱ्याच कडव्यास आत्याची ती मिटल्या ओठांची चाल आम्हांस ओळखू आली.

आत्या मलकापुरास आहे. नव्वदी उलटली, दृष्टी गेली, कान अजून चांगले आहेत. भाऊबिजेच्या दिवशी आमच्या नातीने तिला फोन लाविला आणि दुसरा मोबाइल त्याच्यापाशी धरून ते गाणे तिला ऐकविले. पलीकडून काही शब्द आला नाही. फोन तुटला की काय असे आम्हांस वाटले. गाणे संपल्यावर थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला, "झालं? आता उलटी बाजू लावा बरं."

नातीने पुष्कळ शोधले. उलट्या बाजूस कोणते गाणे होते हे आत्यास सांगता येईना. तिला चालीचा आरंभ तेवढा आठवत होता, तोही तिने गुणगुणून दाखविला. आम्ही फडके सोडून तबकडी उजेडात धरिली. त्या बाजूचा कागद कसरीने खाल्लेला आहे. कुत्र्याचे दोन पाय आणि 'जोशी' एवढी अक्षरे शिल्लक आहेत.